पिकअप न घेणारी लक्ष्मी

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी हळदकुंकू लागतं आणि मग नावं ठेवली जातात. विजेवरची गाडी आली तेव्हा दादानं हळदकुंकवाचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"खेळण्यातली हाय गड्या. चावी कुठनं द्यायची हिला?"

दादा माझा थोरला भाऊ. आयुष्यभर डिझेल. इंजिन धडधडल्याशिवाय गाडी चालू आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. मी मात्र हट्टानं घेतली. पन्नाशीत माणसानं एखादी बंडखोरी करावी. टक्कल पडल्यावर केस वाढवायची सोय उरत नाही.

साताऱ्याच्या शोरूममधून बाणासारखी सुटलेली ही गाडी पूजा झाली आणि गोगलगाय झाली. "नारळ नासका निघाला असंल," दादा म्हणाला. पूजा झालेली गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात पायताण घालून बसायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून मी चपला काढून पायापाशी ठेवतो आणि अनवाणी चालवतो. दादा खुशाल बूट घालून बसतो. त्याच्या डिझेलची लक्ष्मी बहुतेक नास्तिक असावी.

सांगलीला सासुरवाडीला निघालो, तर मलकापूरजवळ हळदीच्या पोत्यांचा टेम्पो आम्हाला मागं टाकून गेला. पोत्यांवर बसलेला माणूस बराच वेळ आमच्याकडं दयेनं बघत होता. मी पाय दाबतोय, आणि मीटरवरची ताकदीची पट्टी अर्ध्यावर येऊन थांबलेली.

मी हरलो नाही. चाकांत हवा भरली. वीज वाचवायचा मोड बंद केला. भर उन्हात एसी बंद केला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पिकअप येईल तेव्हा येईल, मला घेरी येतेय." वजन कमी करायला डिकी रिकामी केली. माझ्या पोटाकडं बघून तिनं, अजून काही उतरवता येईल का, असंही विचारलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं गाडी फिरवून आणली. मी बाहेर बाकावर चपला हलवत चहा पीत होतो. "सर, पळती की मस्त. कॉम्प्युटरवर काय एरर न्हाई." मी बसलो, निघालो, पुन्हा अर्ध्यावर. परत गेलो. पुन्हा त्याच्या हातात पळाली.

तोवर दादानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. "रविवारी यवतेश्वरच्या घाटात जाऊ. नीट चढली न्हाई तर इकायची. कबूल?"

"कबूल. आणि चढली तर पुन्हा खेळणं म्हणायचं नाही." रागात मी काहीही कबूल करतो.

रविवारी दादा माझ्या शेजारी, बायको मागं. पहिल्याच चढाला गाडी रेंगाळायला लागली. मागून हॉर्न, शेजारून सुस्कारे.

"उतर," दादा म्हणाला. "पाय हायत का लोणी? मला दे."

मी गाडी कडेला घेतली, चपला घालून उतरलो आणि मुकाट पलीकडं जाऊन बसलो. दादानं बुटासकट पाय दाबला मात्र, आम्ही तिघंही सीटला चिकटलो. "अगं बाई!" बायको ओरडली. पट्टी टोकाला. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण सावरला लगेच. "गाडी बरी हाय रं. ड्रायव्हर इकायला पायजे."

"थांबव. मीच चालवणार."

पुन्हा जागा बदलल्या. पुन्हा चपला काढल्या, पाय दाबला, पुन्हा गोगलगाय. दादा हसून हसून लाल.

"अहो," मागून बायको म्हणाली, "तुम्ही उतरलात की ही पळते. सर्व्हिसिंगलाही तेच. तुमच्याबरोबर आणखी काय उतरतं?"

मी गाडी थांबवून खाली बघितलं. टायरच्या जाड तळव्याची माझी उजवी चप्पल पुढं सरकून ॲक्सिलरेटरखाली पाचरीसारखी बसली होती. पेडल खाली जाणार कसं?

मग तिच्या शेजारी बघितलं. ब्रेकखाली मोकळी जागा होती. तिथं सरकली असती तर? खाली दरी होती. दादाचं हसणं थांबलं.

"आता तरी चपला घालून चालीव," तो हळूच म्हणाला.

"नाही."

चपला डिकीत टाकल्या. अनवाणी पायानं पेडल तळापर्यंत दाबलं आणि घाट असा चढलो की दादानं वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. माथ्यावर त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं.

"न्हाई, न्हाई इकत त्यो," दादा म्हणाला. "लय पळती ती."

फोन खिशात जाईपर्यंत मी थांबलो. "आता बूट काढ. लक्ष्मी आहे ती."

"आरं, आता उतरायचंच हाय की."

"काढ."

कुरकुरत त्यानं नाड्या सोडल्या. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.