न धुतलेलं स्टूल

"ते स्टूल बाहेर ने. फिनेल टाकून धू."

माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी हे मला सांगितलं, अण्णासमोर. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच स्टुलावरून तो नुकता उठला होता. दारात उभा होता, चपला हातात धरून. प्रयोगशाळेत चपला घालून जायचं नसतं, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. देवळासारखं.

मी काही सांगायला बसले की घरची पोरं आधी गॅस बंद करून येतात. माझी गोष्ट संपेपर्यंत डाळ करपते, हा त्यांचा अनुभव. पण ही गोष्ट मला रंगवून सांगता येत नाही.

आम्ही करजगीकडचे धनगर. मेंढरं विकून अण्णा हैदराबादला बांधकामावर गेला. तिकडं तेव्हा काचेच्या इमारती उठायल्या होत्या. त्याच्या कमाईवर मी गुलबर्ग्यात रसायनशास्त्र शिकले, संशोधनाला लागले आणि काचनळ्या फोडण्यात नाव कमावलं.

अण्णा परत आला तो एड्स घेऊन. आणि माझं काम नेमकं त्याच विषाणूवर. सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी त्याला. ह्या विषाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. शरीराची राखण करणारी पेशी ती साखर ओळखते, विषाणूला धरते, आणि तिथूनच तो आत शिरतो. आम्ही तशीच दिसणारी साखर बनवायलोय. पेशीचे हात आधीच भरले, की विषाणूला धरायला कुणी उरत नाही.

"म्हंजी कोकराचं कातडं," अण्णा म्हणाला.

मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं आम्ही पोरक्या कोकराला पांघरतो. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. कातडं पांघरलं, की त्याच दिवशी काम होतं. अण्णानं हे हजारदा केलेलं. म्हणून पुढचं त्याला ऐकूच गेलं नाही. हे अजून फक्त नळीत चालतं, माणसाला द्यायला कितीतरी वर्षं लागतील, तेही होईल की नाही माहीत नाही, हे सगळं मी सांगितलं होतं. तो नुसता माझ्याकडं बघत होता. आशेनं.

मला न कळवता तो गुलबर्ग्याला आला. स्टुलावर बसला. सरांना म्हणाला, "साहेब, ती साखर वाईच द्या की. मी मरायलोय."

सर भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकले. हा कोण, म्हणून मला विचारलं. माझा भाऊ, म्हटलं. मग स्टूल.

हा रोग शिवल्यानं लागत नाही, शेजारी बसल्यानं लागत नाही, हे आम्हाला शिकवलं कुणी? ह्याच सरांनी.

तेव्हा माझी नजर खिडकीत गेली. तिथं माझा चहाचा पेला असायचा. एकटाच. बाकीच्यांचे कपाटात. मला वाटायचं, मी फोडाफोड करते म्हणून असेल. मीच हसायचे त्यावर. पण अण्णाला रोग व्हायच्या आधीपासून तो पेला तिथंच होता. मग सर धुवायला काय सांगत होते? रोग? की आम्हाला?

स्टूल उचललं. दारात नेऊन अण्णासमोर ठेवलं. बस म्हटलं.

"राहू दे गं बाय," तो हळूच म्हणाला. "तुझं शिक्षण जाईल."

तो बसेना. मग मीच बसले. पदवी सरांच्या सहीवर अडकलेली.

"न्हाई धुणार, सर."

सुगीच्या आधी अण्णा गेला. साखर नळीतच राहिली. आजही नळीतच आहे, आणि मी तिच्या मागं आहे. त्याला माती देतानाच ठरलं होतं. ह्या कामावर जिथं बोलायला उभी राहीन, तिथं सुरुवात त्या दारापासून करीन. पहिल्या रांगेत सर बसलेले असोत. साखर नंतर.

आधी स्टूल.