वसंतकाकांचा अल्टिमीटर

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या विमानाच्या पॅनेलखाली उताणा पडून वायरी बांधत होतो. सुमनकाकूंचा आवाज शांत होता. "सकाळी चहा घेतला, आणि गेले रे..." त्यांच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरी त्यानंतर कितीदा तरी जाऊन बसलो, पण सांगायचं ते ओठांवरच राहिलं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काका लहान विमानांची काट्यांची उपकरणं दुरुस्त करायचे. मी विशीत त्यांच्या हाताखाली लागलो. बारीक स्क्रू फिरवताना श्वास कसा रोखायचा, हे त्यांनी शिकवलं. काम जमलं तरी तोंडाने कौतुक नाही; जेवणाच्या सुट्टीत डब्यातली बदलापूरची जांभळं माझ्याकडे सरकवायची, बस. पुढे मी उल्हासनगरात गाळा घेतला, स्वतःचं काम सुरू केलं. दोन वर्षांपूर्वी शिकाऊ वैमानिकांच्या एका जुन्या विमानाचं पॅनेल बदलायचं काम मला मिळालं. काटे काढून स्क्रीन बसवायची होती. त्यातला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारी तबकडी, काकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला. त्यांना सांगितलं तर हसले. "विमानात टीव्ही लावतोस? पायलट सिरीयल बघत उतरवणार काय?" मग म्हणाले, "स्क्रीन बंद पडली तर एक काटा लागतोच. माझा अल्टिमीटर तेवढा राहू दे." मी हो म्हणालो. मालकाला मात्र सगळं नवं हवं होतं, राखीव अल्टिमीटरसुद्धा. मी एका शब्दाने भांडलो नाही. आणि आता काकांना काय सांगायचं, या संकोचात बोलून गेलो, "काका, तुमचा टेस्टला फेल झाला. हवेची गळती निघाली."

मी टेस्ट केलीच नव्हती.

त्यांनी वाद घातला नाही. "किती?" एवढंच विचारलं. मी एक आकडा ठोकून दिला... पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्कशॉपला जाणं बंद केलं. "हात गेला माझा," म्हणाले. "वर माणसं बसतात रे." तेव्हा खरं सांगता आलं असतं. नंतरच्या प्रत्येक भेटीतही सांगता आलं असतं. ते दारापर्यंत सोडायला यायचे, मी चपला घालायचो आणि निघायचो.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी, माझ्या कपाटात पडून असलेला तो अल्टिमीटर टेस्टला लावला. हवा ओढून काटा वर नेला, नळी बंद केली. काटा तसूभर खाली आला नाही; गळती नव्हतीच. त्या क्षणी काका शेजारी हवे होते... किती हवे होते!

गेल्या रविवारी शेवटी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगायचं होतंस." मग आतून काकांची कामाची वही आणून माझ्यापुढे ठेवली. शेवटची नोंद त्याच अल्टिमीटरची. "गळती. चूक माझी." खाली सही. मी त्याखाली लिहिलं, "गळती नव्हती. मी खोटं बोललो." आणि सही केली. एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासून सही करायची, ही काकांची शिस्त. मागच्या पानांवर माझ्या प्रत्येक नोंदीशेजारी त्यांची तिरपी सही आहे. या नोंदीशेजारचा रकाना कोरा.

"मिटू का वही?" काकूंनी विचारलं.

"राहू द्या जरा," म्हटलं.