शिशाची साल आणि चाचांचा जबडा

सुरुवातीलाच सांगून टाकते... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही, आणि खाली प्रतिक्रियांत कुणी "ताई, काही शक्ती असतात" असं लिहिलं तर मी भांडणार आहे. जे घडलं ते मात्र घडलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची पहिली दिवाळी. मी पुण्यात फिजिक्समध्ये पीएच.डी. करत होते आणि सुट्टीला सोनईला घरी आले होते. विषय होता शिशाच्या अणूचा गाभा. त्यात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन खूप जास्त असतात. ते जादाचे न्यूट्रॉन बाहेरून पातळ थर करून बसतात, असा अंदाज होता. आम्ही त्याला सालच म्हणायचो. ती मोजायची कशी? गाभ्याला कणांचा धक्का द्यायचा. तो ठरावीक ऊर्जेला थरथरतो आणि आलेखात तिथे उंचवटा येतो. मोजणी परदेशातल्या यंत्रावर झालेली, आकड्यांचे कागद टपालाने आलेले. आलेख काढणं माझं काम.

मला मोठ्या उंचवट्याशेजारी एक बारका उंचवटा दिसला. तो सालीचा, असं माझं म्हणणं. आमचे सर म्हणाले, "ती मोजणीतली चूक आहे. काढून टाका, नाहीतर प्रबंधावर मी सही करणार नाही." मी म्हटलं, नाही काढणार! तीन वर्षं घातली होती मी त्यात. इकडे घरी एकामागून एक स्थळं येत होती, आणि प्रबंध अडला असता तर मला कुणी पुण्याला परत जाऊ दिलं नसतं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. दोन उंचवट्यांच्या मधे चार ठिपके उगाच वर उठले होते. त्यांच्यामुळे माझा बारका उंचवटा गबाळा दिसायचा. सोनईला नवा आलेख काढताना मी ते चार ठिपके घेतलेच नाहीत. नीट लक्षात घ्या — खोडले नाहीत, मांडलेच नाहीत. त्या कागदाला रबर लागलेलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दादा घोडेगावला नव्या बैलांच्या गळ्यात बांधायच्या घाट्या, म्हणजे घंटा, घ्यायला निघाला. मला पुढे नगरला जाऊन आलेख सरांना रजिस्टर टपालाने पाठवायचा होता, म्हणून गुंडाळी घेऊन मीही निघाले.

घाट्या करणारे चाचा आयुष्यभर ठोकाठोकी करून दोन्ही कानांनी ठार बहिरे झाले होते. लोखंडी घाटीवर पितळेचा थर चढवायचा, मग तिची कडी दातांत धरून काडीने ठोका द्यायचा, आणि थर किती जाड आहे ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. यात गूढ काही नाही. कान गेले तरी दातांतून हाडाला थरथर कळते, शास्त्र आहे ते.

"शके, तुझं शिशाचं बी आसंच का गं?" दादाने विचारलं.

"असंच. फक्त घाटी डोळ्यांना दिसत नाही."

"मंग चाचाला दाव की! तुझा सर न्हाई म्हंतोय, चाचा तरी व्हय म्हनंल."

मी अडवायच्या आत त्याने गुंडाळी ओढून चाचांच्या हातात दिली आणि ठोका द्यायची खूण केली. चेष्टाच होती ती. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी गुंडाळीची कड जबड्याला लावली, डोळे मिटले आणि काडीने टकटक केलं.

"मोठा आवाज हाय," ते म्हणाले. "बारकाबी हाय, सालीचा."

मी दादाकडे ऐटीत पाहिलं. तेवढ्यात काडी परत वाजली.

"मधला कुठं गेला?"

"कोणता मधला?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"मधी गंज बोलतोय, पोरी. त्याला दाबला की साल जाड वाटती. लई जन आसंच फसवत्यात."

मी घाबरलेच, खोटं कशाला सांगू? मग राग आला, भयंकर राग. गुंडाळी हिसकावून घेतली. पण नगरला काही गेले नाही. त्याच संध्याकाळी ते चार ठिपके परत मांडले आणि मोजणी करणाऱ्यांना पत्र लिहिलं — कण ज्यावर सोडले त्या शिशाच्या पत्र्यावर गंज होता का? उत्तर यायला दोन महिने लागले. पत्रा काही दिवस उघड्यावर राहिला होता, त्यावर ऑक्साइड चढलं होतं, कळवायचं राहून गेलं, क्षमस्व.

ऑक्सिजनचा वाटा वजा केल्यावर माझा बारका उंचवटा निम्मा झाला. साल पातळ झाली... पण राहिली! सरांपुढे दोन्ही आलेख ठेवले, केलेली लबाडी कबूल केली आणि म्हटलं, आता काढून टाकून दाखवा. त्यांनी सगळे आकडे स्वतः तपासले. शेवटी सही केली. या सगळ्यात एक वर्ष गेलं, दोन चांगली म्हणतात तशी स्थळं गेली. मला काडीचं दुःख नाही.

तुम्ही म्हणाल, दादाने सांगितलं असेल. त्याला ठिपक्यांचं माहीतच नव्हतं. म्हणाल, घाट्यांना गंज असतोच, चाचा सवयीने बोलले. बोलले असतील. मग "मधला" कसं म्हणाले? आणि पत्र्यावरचा गंज तर तेव्हा मलासुद्धा ठाऊक नव्हता. पन्नास वर्षं डोकं फोडलंय, उत्तर नाही. पण उत्तर नाही म्हणून चमत्कार, हे मी मान्य करणार नाही.

पुढे आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. अजूनही एखाद्या आलेखातला नकोसा ठिपका वगळावासा वाटला की मी खोलीचं दार लावते, कागद जबड्याला धरते आणि टिचकी मारते. काहीही ऐकू येत नाही. ठिपका मात्र ठेवते.