चुलीकडची भिंत

तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या पुढं, कालव्याच्या काठावर, एका उन्हाळ्यात चौदा झोपड्या जळाल्या. त्या जागी सरकारनं नमुन्यादाखल सहा घरं बांधायची ठरवली, आणि देखरेखीला मला पाठवलं. मी तेव्हा बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते, नोकरीला तीन वर्षं झाली होती.

त्या घरांना विटा नव्हत्या. बाहेरच्या मालाला देशाचे दरवाजे नुकते उघडले होते आणि कुठल्याशा कंपनीनं परदेशातून यंत्र आणून भिंतीच कारखान्यात तयार करायला सुरुवात केली होती. मधे वीतभर जाडीचा थर्मोकोल आणि दोन्ही अंगांना तारेची जाळी. लॉरीतून अशा भिंती उतरल्या की दोन बायका एक भिंत सहज उचलून नेत. त्या उभ्या करायच्या, एकमेकींना तारेनं बांधायच्या आणि दोन्हीकडून सिमेंटचा जाड गिलावा चढवायचा. ऊन बाहेरच अडायचं. चैत्रातल्या दुपारी त्या खोलीत शिरलं की अंगावरचा घाम थांबायचा. आमच्या कार्यकारी अभियंत्यांना याचं फार कौतुक होतं. "पंखा लागणार नाही बघ," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पहिलं घर ज्या बाईला मिळणार होतं, तिला मी अक्का म्हणत असे. पन्नाशीची, भाताच्या लावणीच्या कामाला जाणारी. तिची झोपडी दोनदा जळली होती. दुसऱ्या वेळी तिनं अंथरुणाला खिळलेल्या सासूला गोधडीसकट ओढत बाहेर काढलं होतं. तिच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, चकचकीत झाली होती. ती रोज कामावरून परतताना यायची, भिंतीवर बोटांनी टकटक करायची आणि निघून जायची.

एक दिवस तिनं विचारलं, "अम्मा, आत काय आहे म्हणालात? रेडिओच्या खोक्यात असतं ते पांढरं?"

"हो."

"ते पेटतं."

"वर सिमेंट आहे, अक्का. आग आत पोचत नाही."

"मग माझ्यासमोर पेटवून दाखवा. माझ्या सासूला पळता येत नाही."

मी ते कार्यकारी अभियंत्यांना, म्हणजे आमच्या साहेबांना, सांगितलं, तर त्यांना ती कल्पना फार आवडली. मद्रासहून वरिष्ठ येणार होते, त्यांच्यासमोरच हे करायचं त्यांनी ठरवलं. तारीख पक्की झाली.

त्याच्या आठ दिवस आधी वायरमननं विजेच्या बटणांच्या पेट्या बसवल्या. तारांची नळी घालायला थर्मोकोलमध्ये वाट लागते, म्हणून त्यानं ब्लो-टॉर्च वापरला. ज्योत जरा जास्त वेळ धरली की थर्मोकोल लोण्यासारखा मागं सरतो. अक्काच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या जागेशेजारी, आत घागरीच्या तोंडाएवढी पोकळी झाली. जाळीही कापली गेली. मी पोचले तोवर मेस्त्रीनं वरून गिलावा फिरवला होता. मी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज आला. गिलावा तिथं करंगळीएवढाही नसावा.

साहेबांना मी सांगितलं, पण कसं? "सर, एका ठिकाणी थोडं पोकळ वाटतंय."

"गिलावा झाला ना?"

"झालाय."

"मग आता फोडत बसू नकोस. पाहुणे गेल्यावर बघू."

मी 'थोडं' म्हणाले होते. तो एक शब्द मी मुद्दाम निवडला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी घरी माझ्या पानातली इडली तशीच राहिली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बाबा समोर बसले होते. आमच्या तंजावरी मराठीत, अर्धी तमिळ मिसळून, त्यांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "ती बाई पेटवायला कुठली भिंत निवडेल?"

"समोरची असेल. अंगणातून सगळ्यांना दिसते."

"आणि नसेल तर?"

मी बसचं निमित्त करून उठले.

अकरा वाजता मोटारी आल्या. पंदल, म्हणजे मांडव, घातला होता, शहाळी फोडली होती. साहेबांनी समोरच्या भिंतीशी गवताची पेंढी ठेवून घेतली होती. अक्का आली ती डोक्यावर वाळलेल्या झावळ्यांचा भारा घेऊन. पेंढीकडं तिनं बघितलंही नाही. ती सरळ आत गेली आणि चुलीच्या कोपऱ्यात, बटणांच्या पेटीखाली, झावळ्या रचू लागली.

"इथं कशाला, बाहेर लाव," साहेब म्हणाले.

"आग बाहेरून लागत नाही, साहेब. चुलीतून लागते."

मद्रासचे पाहुणे हसले. "बरोबर आहे तिचं. लावू द्या."

झावळ्या पेटीच्या वर, छातीएवढ्या उंच गेल्या होत्या. मी मनाशी हिशेब करत होते: पातळ गिलावा किती मिनिटं टिकेल, जाळी कापलेली, मागं पोकळी, पोकळीत हवा. खोलीत दहा-बारा माणसं आणि दार एकच. अक्कानं काडी ओढली. पहिली विझली. तिनं दुसरी ओढली.

"तिथं नको," मी म्हणाले.

काडी हातात धरून ती वळली. साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

"तिथं भिंत कच्ची आहे," मी म्हणाले. "आत पोकळ आहे. गिलावा पातळ आहे. पेटेल."

अक्कानं काडी फुंकली. "तुला ठाऊक होतं?" पहिल्यांदाच तिनं मला एकेरीत विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"आठ दिवस."

साहेब इंग्रजीत पाहुण्यांना काहीतरी समजावू लागले. अक्का म्हणाली, "फोड. मला बघू दे."

मेस्त्रीनं छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला गिलाव्याची खपली पडली आणि पांढरे दाणे भुरुभुरु जमिनीवर सांडले. अक्कानं त्यातला एक तुकडा उचलून उंबऱ्याबाहेर नेला आणि काडी लावली. तो क्षणात आक्रसला, त्यातून काळा धूर निघाला आणि जळका, घशात बसणारा वास पंदलभर पसरला. पाहुणे शहाळं न पिता मोटारीत बसले.

साहेबांनी मला लोकांसमोर एक शब्दही ऐकवला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मात्र कागद हातात दिला: महिनाअखेरीला नोंदींच्या खोलीत बदली. तोवरचे दिवस माझे होते. मी सहाही घरांतल्या पेट्या उघडायला लावल्या. आणखी दोन ठिकाणी तेच निघालं. सगळीकडं पोकळी सिमेंटनं भरली, जाळीला जाळी बांधली, पुन्हा गिलावा केला आणि त्यावर रोज पाणी मारत राहिले.

शेवटच्या दिवशी मी अक्काला बोलावलं. तिनं त्याच कोपऱ्यात तेवढ्याच झावळ्या रचल्या. या वेळी आम्ही तिघंच होतो: ती, मेस्त्री आणि मी. ज्वाळा छतापर्यंत गेल्या. गिलावा तडतडला. मी धावत भिंतीच्या मागच्या बाजूला गेले आणि तळहात टेकवला. कोमट होती. अक्काही आली. तिनं तो गुळगुळीत कातडीचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. आग विझेपर्यंत आम्ही तशाच उभ्या राहिलो.

आत भिंत काळी पडली होती. केसाएवढी एक चीर गेली होती.

"आतलं पांढरं?" तिनं विचारलं.

"थोडं वितळलं असेल. पेटलं नाही. पण रोज अशी आग लागली तर मी खात्री देणार नाही."

तिनं मान हलवली. "चूल मी बाहेर पत्र्याखाली मांडते. सासू आत झोपेल."

ती योजना पुढं गेली नाही. नोंदींच्या खोलीत मी दोन वर्षं धुळीत फायली लावल्या. त्यांत या घरांचीही आली. अहवालात अग्निचाचणी समाधानकारक झाल्याचं लिहिलं होतं. कोपऱ्यातल्या पोकळीचा उल्लेख नव्हता. मी एका कोऱ्या कागदावर घडलं ते सगळं लिहिलं, माझा 'थोडं' हा शब्दही लिहिला, खाली सही केली आणि तो कागद फायलीत टाचला. तो कुणी वाचला का, मला माहीत नाही.

ती घरात राहायला आल्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी अक्काकडं गेले. सासू त्याच भिंतीकडं तोंड करून गाढ झोपली होती. अक्कानं मला ताक दिलं आणि बाहेर चुलीशी जाऊन बसली.