साडूभाऊंचा पंधरा दिवसांचा ब्राझील

अख्ख्या खानदेशात ब्राझील देश तोंडपाठ असलेला एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. कुठल्या गावानंतर कुठलं गाव, कुठे गाडी बदलायची, कुठे पोटभर जेवायचं नि कुठे नुसता चहा घेऊन निघायचं, हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. स्वतः ते इकडे भुसावळ आणि तिकडे सुरत, याच्या पलीकडे गेलेले नाहीत. धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीत बसवून दिलं आणि आपण खाली उभे राहिले.

स्टँडवरच्या कर्ण्यात बोलून बोलून त्यांचा घरातला आवाजही कर्ण्यातून आल्यासारखा झाला होता. आमच्याकडे भडगावला जेवायला बसले की ताटाकडे बघत म्हणायचे, "वरण फलाट क्रमांक दोनवर लागलेलं आहे. भाताच्या प्रवाशांनी त्वरा करावी." माझी बायको त्यांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणून ते तिला अक्का म्हणत. ती म्हणायची, "नाना, तोंडले ब्रेक लावा आते, जेवा गुपचूप." कुणीही घरातून निघालं की साडूभाऊंचा हात मनगटावर गेलाच. घड्याळ पाहायचे आणि किती उशीर झाला ते सांगायचे. त्यांच्या पोरीच्या पाठवणीला बायका रडतायत, पोरगी आईच्या गळ्यात पडलीय, आणि हे मांडवाच्या खांबाजवळून म्हणाले, "अकरा मिनिटं लेट." पोरगी रडता रडता हसली. व्याही मात्र बरेच दिवस चेष्टा समजून रागावलेले होते. ती चेष्टा नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटलं की काय करायचं ते कळत नसे, मग ते घड्याळ बघत.

ब्राझील त्यांच्या घरात शिरला तो बियाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरावरून. त्यावर एका धबधब्याचं चित्र होतं आणि खाली देशाचं नाव. कॅलेंडर देवपूरच्या त्यांच्या घरी वर्षभर लटकलं, वर्ष संपलं तरी उतरलं नाही, आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की रिटायर झाल्यावर आपण चौघं हा देश फिरायचा. ते दोघं, आम्ही दोघं. मी म्हटलं, "यात्रा कंपनीला विचारा की." तर असे चिडले! "आबा, तीस वर्षं ज्यानं गाड्या सोडल्या, त्यानं आता दुसऱ्याच्या शिटीवर चढउतार करायची? आपलं आपण जायचं." ब्राझीलपर्यंत कसं पोचायचं, असं विचारलं तर म्हणाले, "ते विमानवाले बघतील. माझी ड्यूटी रिओच्या स्टँडपासून सुरू."

मग त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही केली. पहिल्या पानावर आसनव्यवस्था. सीट क्रमांक एक ते स्वतः, दोन त्यांची बायको, तीन अक्का, चार मी. तीनपुढे कंसात लिहिलं होतं, खिडकी. कारण माझ्या बायकोला गाडी लागायची. पाचोऱ्याला जायचं तरी ती तोंडात आवळासुपारी धरून बसे. पोरीच्या शाळेतला जुना नकाशांचा संग्रह त्यांनी काढला, हिंदुस्थानच्या पानावर धुळे ते मुंबई दोरा ठेवला आणि गाठ मारली. ही एक गाठ म्हणजे गाडीची एक रात्र. तसल्याच गाठी पुढे मारत गेले आणि तोच दोरा पुढच्या एका पानावरच्या ब्राझीलवर फिरवला. रिओपासून धबधबा, तिथून ब्राझिलिया, तिथून वर जंगलातलं मनाउस, आणि परत रिओ. दहा गाठी भरल्या. दहा रात्री गाडीत, चार दिवस बघायला, एक दिवस कपडे धुवायला. पंधरा दिवसांत देश उरकला! मी गिरणीवाला, चौथी शिकलेला, मला ते बरोबरच वाटलं. एवढं मोजून मापून करणारा माणूस चुकेल कसा?

मनाउसबद्दल त्यांनी वाचनालयातून एक गोष्ट आणली होती. तिथे एक काळ्या पाण्याची नदी आणि एक गढूळ पाण्याची नदी एकमेकींना भेटतात, पण कितीतरी लांबपर्यंत एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. बायकोनं ते ऐकलं नि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "म्हन्जे मी अन् हाऊ गिरणीवाला." त्या दिवसापासून तिला ती नदी बघायचीच होती. धबधब्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

तयारी म्हणून तिनं दशम्या करून डब्यात भरल्या. किती दिवस टिकतात ते बघायचं होतं. रोज एक खायची आणि डब्याच्या झाकणावर खिळ्यानं रेघ ओढायची. नवव्या दिवसाची दशमी साडूभाऊंनी स्वतः खाल्ली, चांगली आहे म्हणाले, आणि दोन दिवस ड्यूटीवर गेले नाहीत. पासपोर्टसाठी फोटोही काढून ठेवले, देवपूरच्या स्टुडिओत. "सरकारी फोटो आहे अक्का, हसायचं नाही," असं त्यांनी इतक्या वेळा बजावलं की बायकोनं हसू दाबून दाबून गाल फुगवले. तिचा फोटो तसाच निघाला.

मग रंगीत तालीम. त्यासाठी साक्री निवडली, बाजाराच्या दिवशी. साडूभाऊंचा नियम असा की साक्रीत उतरल्यापासून मराठी नाही, अहिराणी नाही, हिंदी नाही. परदेशात आपली भाषा कोण समजणार? सगळं हाताच्या खुणांनी. एका हॉटेलात मी चहाची खूण केली तर पाणी आलं. बायकोनं दूध काढायची खूण केली, तेव्हा हॉटेलवाल्यानं शेजारच्या बांगडीवाल्याला हाक मारली, "देख रे भाऊ, बिचारा चारी मुका शेतस!" त्या भल्या माणसानं न मागता गरम भजी पुढे ठेवली. साडूभाऊंना भरून आलं. ते मोठ्यानं म्हणाले, "बघा आबा, परक्या मुलखातही माणुसकी असते!"

"अरे, हाऊ ते बोलस!" हॉटेलवाला ओरडला.

आम्ही पिशव्या उचलून निघालो. बायको बांगडीवाल्याच्या दुकानाचा खांब धरून हसत उभी राहिली, तिला पाऊल टाकवेना. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. इतकी हसलेली मी तिला नंतर पाहिली नाही.

त्याच हिवाळ्यात तिचं जेवण तुटलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी आत जाऊन तिला सांगितलं. मला लपवता येत नाही. ती म्हणाली, "बरं." साडूभाऊ तोवर रिटायर झाले होते. दर रविवारी वही घेऊन भडगावला यायचे. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई रविवारी सकाळी केस विंचरून मागायची, उशीला टेकून बसायची, आणि त्यांचं ऐकता ऐकता पेजेची वाटी संपवायची. तिच्या पोटात अन्न जायचं ते ब्राझीलच्या नावानं. हे मला दिसत होतं, तरीसुद्धा मी माती खाल्ली.

झालं असं की नकाशाचं पुस्तक आमच्याकडे राहिलं होतं, आणि दळण घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी ते चाळलं. मी कौतुकानं दोऱ्याचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "आबा, दर पानाचं माप वेगळं असतं. हा देश अडीच हिंदुस्थानाएवढा आहे. हा दोरा ह्या पानावर चालत नाही." माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं हा माणूस आम्हाला फिरवतोय! रविवारी साडूभाऊ टेकतात न टेकतात तोच मी बायकोदेखत म्हटलं, "तुमचा दोरा खोटा आहे. पंधरा दिवसांत काही होत नाही. बंद करा हे."

साडूभाऊंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. चेहरा असा झाला, जसं त्यांनीच सोडलेल्या गाडीला घाटात काही झालंय. दोरा बोटाला गुंडाळत बसले. मी बायकोकडे पाहिलं. वाटी तशीच होती, आणि मला कळलं की मी काय केलं.

तीच बोलली. "मंग काय झायं? दिन वाढाई टाका, नाना. माले काय घाई शे?"

साडूभाऊ त्या दिवशी चहा न घेता निघाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. पुढच्या रविवारी नवा दोरा घेऊन आले. खऱ्या मापाचा. दहाच्या तेवीस गाठी झाल्या होत्या. सावकाश मांडायला घेतलं, एका रविवारी एक-दोन गाठी. तिनं वाटी हातात घेतली. मनाउसपर्यंत मांडून झालं. ती दोन पाण्यांची नदी तिनं पुन्हा पुन्हा सांगायला लावली. परतीचा रस्ता तेवढा राहिला.

भिंतीवर तिचा फोटो आहे तो तोच, देवपूरचा, मोठा करून घेतलेला. गाल फुगलेलेच आहेत. येणारे-जाणारे विचारतात, अक्का रागावल्यात का.

वर्षानं एका रविवारी साडूभाऊ आले. वही काढली, परतीचं मांडून आणलं होतं. मी पहिलं पान उघडलं तर तीन नंबरला अजून अक्का, कंसात खिडकी. मी म्हटलं, "साडूभाऊ, ती गेली. नाव काढा तिथलं."

ते बराच वेळ मनगटाकडे बघत राहिले. मग कर्ण्याचा आवाज बाजूला ठेवून, हळू म्हणाले, "नियंत्रक म्हणून सांगतो आबा, आरक्षण रद्द करायला प्रवाशानं स्वतः यावं लागतं."

मी उठलो. फळीवरून दशम्यांचा रिकामा डबा काढला, झाकणावरच्या नऊ रेघांत बसलेली धूळ पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. मग चार नंबरच्या जागेवर बसल्यासारखा त्यांच्या शेजारी, एक माणूस मावेल एवढी जागा मध्ये सोडून बसलो, आणि विचारलं, "गाडी किती वाजता सुटते?"