स्मार्ट फळ्याचा आराखडा

शाळेसाठी काही मागायचं म्हटलं की अर्ज एक होतो आणि किस्से दहा! आमची जिल्हा परिषदेची शाळा नेकनूरच्या पुढची. यंदा सरकारने स्मार्ट फळ्यासाठी आराखडा मागवला आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागल्यापासून आमची पटसंख्या घसरतेय. आणखी चार पोरं गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जाणार, आणि सगळ्यांत ज्युनिअर मीच! फळा आला तर पोरं टिकतील, म्हणून तो मंजूर होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

*

पहिली मीटिंग शाळा समितीची. मी यादी वाचली : फळा, इन्व्हर्टर, स्पीकर. अध्यक्ष बप्पा, गावातले मोठे बागायतदार, म्हणाले, "आधी लोखंडी दार लिवा."

"पण बप्पा, दाराच्या आत ठेवायला काही नको का?"

"ते सरकार देतंय की! दार कोण देतंय?"

दीड तास दारावरच गेला. मी सारखा घड्याळ बघत होतो. दाराचा रंगसुद्धा ठरला.

*

मग तीन दुकानांची कोटेशनं हवी होती; सगळ्यांत कमी दराचं मंजूर होणार. बीडला अप्पांच्या दुकानात गेलो. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर कॅल्क्युलेटर. मला शेवटची बस गाठायची घाई, अप्पा निवांत.

"सर, कोटेशन जिंकायचं पायजे का हरायचं?"

"म्हणजे?"

"हरायचं आत्ता देतो. जिंकायचं असंल तर हिशोब करावा लागंल!"

*

आराखडा पाच वर्षांचा हवा होता. आमच्या हेडसरांनी दोन वर्षं भरली आणि पेन ठेवलं.

"पुढचं कावून भरू? मी रिटायर हाय तवा!"

उरलेली तीन वर्षं मी भरली. तोवर मी तरी या शाळेत असेन का, कुणास ठाऊक!

*

शेवटी पाहणीला तालुक्याचे साहेब आले. "आधीचं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

हेडसरांनी कपाट उघडलं. आत पाच वर्षांपूर्वी मिळालेला टीव्ही, खोक्यात सीलबंद! मोडला तर भरून कोण देणार, म्हणून त्यांनी कुणाला हातच लावू दिला नव्हता.

"चालतो का?"

"चालूबी न्हाई, बंदबी न्हाई साहेब. उघडलाच न्हाई."

साहेबांनी खोकं फोडायला लावलं. मी मनात म्हणत होतो, लागू नको रे बाबा! वायर जोडली. टीव्ही झक्क लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी शेरा लिहिला, "उपलब्ध संच सुस्थितीत. नव्याची गरज नाही."

मी आराखड्याची फाइल मिटली. हेडसर माझ्यावरच खेकसले, "पाच वर्षं सांगतोय, खोकं उघडू नका म्हणून!"