निपुत्रिक ठरवलेला पणजोबा

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता, मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. कारखाने आल्यापासून शिक्रापूर-सणसवाडीच्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता आणि सकाळच्या हजेरीआधीच भावकीची भांडणं ठाण्याच्या दारात उभी असायची.

त्यातच दौंडच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक धनगर आप्पा आले. शिक्रापूरजवळ त्यांच्या पणजोबांचा हिस्सा होता. तिथली ज्वारी भाऊबंद दरवर्षी पोहोचवत. त्या वर्षी ती आलीच नाही. भावकीतल्या पुतण्याने 'पणजोबा निपुत्रिक वारले' असं प्रतिज्ञापत्र करून सगळी जमीन स्वतःच्या नावावर चढवली होती आणि विक्री ठरत आली होती.

"जमिनीचं ऱ्हाऊ द्या, साहेब," आप्पा म्हणाले. "पणजा निपुत्रिक गेला, तर मी कुठनं आलो?"

या प्रश्नाने मी पेटलो. आप्पांचे वडीलही रेल्वेतच होते, त्यामुळे रेल्वेच्या कागदांत त्यांचं आणि आजोबांचं नाव होतं. पण आजोबा त्याच पणजोबांचे, याला पुरावा नव्हता. पुतण्याला चौकशीला बोलावलं. तो ऐटीत बसला. "मेंढरं घेऊन कोकणात गेला आन् तिकडंच मेला. लेकरूबाळ न्हाई." कसंही विचारा, हेच शब्द याच क्रमाने. खरं सांगणारा माणूस असं पाठ म्हणत नाही. पण माझी खात्री कोर्टाच्या काय कामाची?

तेवढ्यात आमच्या हवालदाराने खबर आणली की दौंडजवळच्या एका वस्तीवर हेळवी उतरलाय. बैलावर वह्या लादून गावोगाव फिरायचं, घराण्यांच्या पिढ्या लिहायच्या आणि म्हणून दाखवायच्या, हा हेळव्यांचा पिढीजात धंदा. मी लगेच जीप काढली.

गडी भलताच तोऱ्याचा निघाला. ठाण्यात आणला तरी घोंगडी अंथरून चहा दिल्याशिवाय तोंड उघडेना. मग पंच, आप्पा आणि पुतण्या यांच्यासमोर त्याने शिक्रापूरकडची वही सोडली. पणजोबांच्या भावाचा वंश घडाघडा म्हणत पुतण्यापर्यंत आणला. पणजोबांच्या नावापाशी मात्र थांबला. "हितं पुढं काय न्हाई."

पुतण्या हसला. आप्पांची मान खाली गेली.

पण 'निपुत्रिक' असं काही हेळवी म्हणाला नव्हता. मी विचारलं, "यांचं लग्न झालं होतं?"

"व्हय की. बायकू दौंडकडची."

"मग मुलं?"

"ती हितं कशी घावतील?" तो वैतागला. "घरजावई गेला त्यो. ज्या चुलीचं धान्य आमी घेतो, त्या गावच्या वहीत तिची पोरं लिवतो. तुमी सासुरवाडीचं इचारलं कुठं?"

त्याने दुसरं गाठोडं सोडेपर्यंत मला दम निघेना. ठाण्याचा कारकून लिहायचं सोडून दारात आला, पहारेकरीही डोकावू लागला. हेळव्याने सूर लावला. पणजोबा, त्यांचं मूळ गाव, मग त्यांचा मुलगा. ते आप्पांचे आजोबा! कागदातलंच नाव! मी टेबलावर हात आपटला. मग नातू, आप्पांचे वडील. "हे पोरगं रेल्वेत गेलं. पुढचं लिवायचं ऱ्हायलंय. पुढं कोण?"

पुतण्याचा चेहरा उतरला. "घरात सगळ्यांस्नी ठावं व्हतं," तो पुटपुटला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी आधी दोन्ही नोंदींचा पंचनामा केला. पुढे प्रतिज्ञापत्रावरचे साक्षीदारही फिरले आणि विक्री थांबली.

कागदावर माणूस सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असं धरू नये. त्याने संसार कुठे मांडला ते विचारावं. हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे अनेक तपासांत वापरलं.

पण मनात राहिलं ते वेगळंच. आप्पा रडत रडत स्वतःचं, मुलांचं, नातवंडांचं नाव सांगत होते आणि हेळवी लिहीत होता. तो वही बांधायला लागला, तसा आप्पांनी त्याचा हात धरला. पुतण्याकडे बोट करून म्हणाले, "थांबा, ह्याला औंदा पोरगं झालंय. त्याचंबी लिवा."